शाळेची भिंत कोणाच्या हातची? कोरची तालुक्यातलं एक प्रकरण

कामाचा आदेश एका पानाचा होता. गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेची दर्शनी भिंत रंगवायची. शैली वारली. विषय शिक्षण, पर्यावरण आणि आदिवासी संस्कृती. दारं-खिडक्या वजा जाऊन ४२० चौरस फूट, दर फुटाला १२० रुपये. रंग, परांची, प्रवास सगळं त्यातच. २६ जानेवारी २०२५ ला उद्घाटन, म्हणून काम त्याआधी पूर्ण. पैसे एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून येणार होते.

गाव मुख्यतः गोंडांचं, काही घरं हलबा आणि कंवरांची. बोलणं गोंडी, छत्तीसगढी आणि झाडीबोलीत. वारली कुटुंब त्या गावात नाही, तालुक्यात नाही. वारली समाज पालघर, डहाणू, तलासरी, जव्हारकडचा, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाचा. कोरचीहून छत्तीसगडची हद्द हाकेवर आणि डहाणूचा समुद्र शेकडो किलोमीटर दूर.

तरी आदेशात वारलीच का आली, हे विदर्भात भिंती रंगवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. शाळा, बसस्थानक, विश्रामगृह, वन विभागाचं फाटक, कुठेही ‘आदिवासी चित्र’ काढायचं ठरलं की गेरूच्या रंगावर पांढरी त्रिकोणी माणसं आणि मधोमध तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा येतो. नमुना लगेच मिळतो, स्टेन्सिल मिळतात, रंगारी दोन दिवसांत हात बसवतो. ज्यानं आदेश लिहिला त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला आदिवासी म्हणजे वारली एवढंच कोणी दाखवलेलं होतं.

मला यात जास्त लागतं ते वेगळं. वारली चित्र मुळात लग्नाच्या घरात सवाशिणी काढायच्या. तांदळाच्या पिठानं देवचौक मांडायचा, त्यात पालघट देवी, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी चालू. १९७० च्या दशकात ते कागदावर आलं, जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढ्या मोठ्या वाटचालीनंतर तेच चित्र विदर्भातल्या सरकारी भिंतींवर ठेकेदाराच्या हातून चौरस फुटानं लागतं. त्यात वारली बाई नाही आणि ज्या गावची भिंत आहे तिथली बाईही नाही. दोघींचं काम एकाच वेळी पुसलं जातं.

माझ्यासारख्या चित्रकाराचं वर्ष ऋतूंनी बांधलेलं असतं. पावसाळ्यात घरी कागद आणि कॅनव्हास. दिवाळीनंतर मार्चपर्यंत भिंती, कारण तेव्हाच प्लास्टर कोरडं असतं. मध्ये जमेल तशी नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या क्राफ्ट मेळ्यात हजेरी, जिथे नवी माणसं भेटतात आणि पुढच्या कामाची सूत्रं हाती लागतात. प्रदर्शन एखादं. गॅलरी विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मा भाग ठेवून घेते, म्हणून घर चालतं ते भिंतींवर. आलेलं काम नाकारणं सोपं नसतं. मी ते नाकारलं नाही. आधी गाव पाहून येते आणि मग आराखडा देते, एवढी मुदत मागून घेतली.

वडसा, कुरखेडा आणि पुढे कोरची. डिसेंबर होता. धान कापून झालेलं, खळ्यांवर मळणी उरकत आलेली. बायकांच्या हाताला थोडी उसंत मिळते ती याच दिवसांत. पुढे मार्चपासून मोह वेचायचा, मेमध्ये तेंदूपाने, आणि पाऊस पडला की पुन्हा रोवणी.

घरांच्या भिंती पाहत फिरले. दिवाळीला सारवलेल्या त्या भिंती अजून ताज्या होत्या. खाली गेरूचा हातभर पट्टा, वर छुई, म्हणजे पांढरी माती. छुई ओली असतानाच बोटांनी ओढलेल्या लाटा, कोनाड्याभोवती मातीची उठावाची किनार, चौकटीला हाताचे ठसे. एका घरी धान्याच्या कोठीवर सूर्य, चंद्र, फणी आणि बैलजोडी मातीत उचललेली होती. रेषेला घाई नव्हती. हात कुठे दाबायचा आणि कुठे सोडायचा, हे त्या बोटांना पिढ्यांपासून माहीत होतं. या कामाला तिथे कोणी चित्र म्हणत नाही. ते घर सारवणंच असतं.

कंपनीनं पाठवलेला वारलीचा नमुना मी ओसरीवर बसलेल्या बायकांना दाखवला. एका आजीनं तो कागद बराच वेळ धरला.

“हे कोनाचे लोक होत जी? आमी अशे नाई नाचत.”

तिचं म्हणणं अगदी नेमकं होतं. वारलीतला नाच तारप्याभोवती गोल फिरतो. इथल्या गोंडांचा रेला नाच हात गुंफून रांगेनं चालतो, आणि तारपा तिथे कोणी पाहिलेलाही नाही. शाळेच्या भिंतीवर रोज मुलांना ‘ही तुमची संस्कृती’ म्हणून दुसऱ्याचा नाच दाखवायचा, हा प्रकार त्या एका वाक्यात उघडा पडला.

गावात आणखी एक गोष्ट दिसली आणि पुढचं सगळं तिच्यावर ठरलं. मातीची घरं कमी होत आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेत तेव्हा घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळत होते, दुर्गम आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. सिमेंटचं घर कोणाला नको? दर पावसाळ्यात कवेलू फेरणं, पडलेली भिंत उचलणं ज्यांनी आयुष्यभर केलं, त्यांना पक्कं घर हक्कानं मिळालंच पाहिजे. पण त्या घराला सारवायची भिंत नसते. आईच्या शेजारी बसून मुलगी ज्या भिंतीवर बोटं फिरवायला शिकायची ती भिंत गेली, की शिकणंही गेलं. आठवीतल्या मुलींना विचारलं तेव्हा त्यातल्या निम्म्या म्हणाल्या, “आमच्या घरी आता पुट्टी हाय.”

मग मातीची एक भिंत शाळेतच का असू नये, हा प्रश्न मी मुख्याध्यापक गुरुजींसमोर ठेवला. त्यांनी तो सरपंचबाईंपर्यंत नेला आणि दोघांनी ग्रामसभेत घेतला. गावाकडून नकार आला नाही. नकार आला तो कंपनीच्या अधिकाऱ्याकडून, आणि तोही समजण्यासारखा.

फोनवर तो म्हणाला, “मॅडम, माती वर्षभरात पडेल. फोटो कसा दिसेल? वारली नको असेल तर गोंड करा, तेही छान दिसतं.”

‘गोंड’ म्हणजे त्याच्या मनात ठिपके आणि बारीक रेषांनी भरलेले हरिण आणि झाडं. ती परधान गोंडांची चित्रशैली, मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढची. परधान हे गोंडांचे गाथा गाणारे, बाना हे तंतुवाद्य वाजवणारे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या पुढाकारानं तरुण जनगढ सिंह श्याम भोपाळच्या भारत भवनात आले आणि घराच्या भिंतीवरचं कागदावर उतरलं. त्यातून पुढे भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम असे पद्मश्री मिळवणारे कलाकार उभे राहिले. ती परंपरा मोठी आहे आणि त्यांची आहे. कोरचीच्या बायका तशा रेषा काढत नाहीत. नाव गोंड असलं तरी भिंतीवर परका हातच आला असता.

माती टिकते का, यावर मी त्याला सेवाग्रामचं उदाहरण दिलं. बापू कुटीच्या मातीच्या भिंतींवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी उठावात काढलेली ताडाची झाडं, चरखा आणि ॐ आजही पाहायला मिळतात. आश्रम १९३६ चा. ती भिंत सिमेंटपेक्षा मजबूत असल्यामुळे टिकलेली नाही. तिला वेळोवेळी हात लागतो, म्हणून टिकली आहे. अधिकारी वर्ध्याला जाऊन आलेला होता. तो थोडा थांबला आणि म्हणाला, सगळी भिंत नको, काही भाग करून पाहू.

वाटणी अखेर पावसानं केली. गडचिरोलीत वर्षाला १३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यात उघड्यावरची माती एका मृगात वाहून जाईल. शाळेच्या भिंतीची दोन्ही टोकं उघडी, मधला भाग व्हरांड्याच्या छपराखाली. टोकांना ॲक्रिलिक, ते माझं काम. मध्ये सहा फूट बाय चार फुटांचे चार मातीचे फलक, म्हणजे ९६ चौरस फूट, ते गावातल्या बायकांचं. माझ्या वाट्याला ३२४ चौरस फूट उरले. त्यात मी वारलीही काढली नाही आणि गोंडही नाही. मोह, तेंदू, चारोळी, पळस ही झाडं आणि रोवणीचा बांध माझ्या स्वतःच्या पद्धतीनं काढला. त्या भागाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. प्रायमर, दोन हात बाहेरच्या भिंतीचं इमल्शन, त्यावर चित्र. नेहमीचं काम नीट झालं.

मातीचं काम मात्र साधं नव्हतं. सिमेंटच्या गुळगुळीत प्लास्टरवर माती धरत नाही. वाळली की पोपडा सुटतो. प्लास्टरला टाचे मारून खडबडीत करता आलं असतं, पण शाळेची इमारत फोडायला कोणी परवानगी देईना, आणि ते बरोबरच होतं. उपाय गावातच होता. जुन्या घरांच्या आतल्या भिंती कुडाच्या असतात, बांबूच्या तट्ट्याला दोन्हीकडून माती लिंपलेली. तोच कुड उभा फलक म्हणून भिंतीला लावायचं ठरलं. तट्टे बुरडाकडून विणून घेतले, मागे कामट्यांची चौकट दिली. भिंतीला लाकडी पट्ट्या स्क्रूनं आवळून तट्टे त्यावर बसवले, मागे दोन बोटं हवा राहील असे. सिमेंटची ओल मातीत उतरू नये म्हणून ती फट महत्त्वाची. वाळवीसाठी खालची कड जमिनीपासून फूटभर वर ठेवली.

माती कोणती घ्यायची हे मी सांगितलं नाही, विचारलं. वारुळाची माती, धानाचा कोंडा, शेण. पहिल्या थरात तणस बारीक चिरून. माती भिजवून काही दिवस मुरू दिली, पायांनी तुडवली. चिकण माती वाळताना आकसते आणि भेगा पडतात, कोंडा त्या भेगा आवरतो. किती कोंडा, हे त्या मुठीनं आणि हाताच्या अंदाजानं ठरवत होत्या. एकीनं गोळा दाबून पाहिला, म्हणाली अजून घाल, आणि दुसरीनं न विचारता टोपली उलटी केली. जानेवारीतली थंडी आणि व्हरांड्याची सावली कामाला आली, कारण माती सावकाश वाळली आणि पहिल्या थराच्या भेगा केसाएवढ्याच राहिल्या. मध्ये शेजारच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा आली, रात्रभर दंडार हे लोकनाट्य आणि नाटक. दुसऱ्या दिवशी कोणीच आलं नाही आणि थर तेवढा वेळ निवांत वाळला.

दुसरा पातळ थर अर्धवट ओला असताना उठाव केले. काय काढायचं याची चर्चा गोंडीतच झाली. मला त्यातलं थोडंच कळलं आणि मी मध्ये पडले नाही. एका फलकावर रेल्याची रांग, एकावर बैलजोडी आणि नांगर, एकावर सूर्य-चंद्र-फणी. चौथ्या फलकावर नुसत्या बोटांच्या लाटा. अधिकाऱ्याला तो फलक ‘रिकामा’ वाटला. मला चारही फलकांत तोच सर्वांत देखणा वाटतो. शेवटी छुई, गेरू, पिवळी माती आणि काजळी, थोड्या डिंकात कालवून. खालच्या पट्ट्याला त्यांनी गेरू दोनदा फिरवला, कारण मुलं पाठ टेकून बसणारच.

खरी अडचण पुढे हिशेबाच्या टेबलावर आली. कंपनीच्या लेखा विभागानं कळवलं की गावातल्या महिलांना मजुरी मस्टरवर दाखवू. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता, तो लावू. सहा जणी, प्रत्येकीचे लिंपणाचे आणि चित्राचे मिळून तीन दिवस. म्हणजे एकीला ८९१ रुपये. त्याच भिंतीच्या माझ्या भागाला फुटाला १२० आणि त्यांच्या भागाला खड्डा खणण्याचा दर, कारण मी चित्रकार आणि त्या ‘महिला’. मी लिहून दिलं की ९६ फुटांचा दरही १२० च राहील, तो माझ्या बिलातून वजा करा आणि त्यांना वेगळा द्या. ९६ गुणिले १२०, म्हणजे ११,५२० रुपये. सहा जणींत १,९२० प्रत्येकी.

त्यावर उत्तर आलं, वैयक्तिक पॅन क्रमांक हवा, पुरवठादार म्हणून नोंदणी हवी. एकीकडेही पॅन नव्हतं. पण सहाही जणी एकाच बचत गटातल्या, ग्रामीण महिलांचे गट बांधणाऱ्या सरकारी उमेद अभियानातून उभा राहिलेला गट. बँकेच्या कर्जाच्या वेळी गटाच्या नावानं पॅन काढलेलं होतं आणि खातंही चालू होतं. गटालाच पुरवठादार म्हणून नोंदवलं. रक्कम तीस हजारांच्या आत, म्हणून टीडीएस कापण्याचा प्रश्न आला नाही. बिलावर कामाचं वर्णन काय लिहायचं यावर पुन्हा दोन फोन झाले. त्यांना ‘भिंत लिंपण’ हवं होतं. मी ‘भित्तिचित्र, मातीचे उठाव’ यावर अडून बसले. वर्णन ‘लिंपण’ झालं असतं तर पुढच्या वेळी दरही लिंपणाचाच लागला असता. अखेर ‘भित्तिचित्र’ छापलं गेलं आणि पैसे मार्चअखेर गटाच्या खात्यात आले.

मला या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच वाटतं. लोककलेचे दौरे करणारे आम्ही चित्रकार गावातून खूप काही उचलतो: रेषा, रंगसंगती, गोष्टी. परत येऊन आमच्या प्रदर्शनाच्या पत्रिकेत ‘लोककलेची प्रेरणा’ असं छापतो. प्रेरणेचा मोबदला कोणत्याही बिलात नसतो. तो बिलात यावा, त्याच दरानं यावा आणि त्याच शब्दांत यावा. हे मागायला कंपनीचं धोरण बदलावं लागत नाही. चित्रकारानं आपल्या बिलातली ओळ तोडून द्यावी लागते.

उद्घाटन झालं, झेंडा झाला, भाषणं झाली. भिंतीवर कोपऱ्यात नावं लिहायची होती. पाच जणींनी आपली नावं घातली. सहावी म्हणाली, “माहं कायले? गटाचं लिव्हा, तिकडूनच पैसा येनार.” तिचं तसंच ठेवलं.

पावसाळ्यानंतर गुरुजींनी फोटो पाठवले. व्हरांड्यात झड येते त्या बाजूचा फलक कडेनं भिजून उघडा पडला होता, तट्टा दिसत होता. बैलाचं एक शिंग मुलांच्या हातानं गेलं होतं. बाकी ठीक. दोन्ही टोकांच्या ॲक्रिलिकला खालून लोणा लागायला सुरुवात झाली होती. तो खरवडून पुन्हा प्रायमर मारल्याशिवाय सुधारणार नाही आणि ते काम गावात कोणी करू शकत नाही, मलाच जावं लागेल. फलकांचं तसं नाही. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या सारवणात बायकांनी ते स्वतःच दुरुस्त केले, आणि या वेळी सातवी-आठवीच्या मुली सोबत होत्या. पुट्टीच्या घरातल्या मुलीही. जुना रेल्याचा फलक त्यांनी बदलून टाकला, नाचणाऱ्यांची संख्या वाढली. शहरातल्या एका ओळखीच्या क्युरेटरला हे ऐकून वाईट वाटलं, मूळ काम जपायला हवं होतं म्हणे. मला ते वाईट वाटत नाही. दिवाळीला भिंत नवी होणं हीच तिची रीत आहे.

प्रदर्शनाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. नागपूरच्या माझ्या प्रदर्शनात गटाचे दोन फूट चौरसाचे तीन छोटे फलक ठेवले. एक वाटेत घाटात तडकला. उरलेले लोकांनी खूप पाहिले, पण विचारणा एकच: हे कॅनव्हासवर मिळेल का? गटातल्या दोन तरुण सुना कॅनव्हास करायला तयार आहेत. वयस्कर बायका नाहीत. जनगढ यांची वाट मला आठवते. तिनं पाटणगढला पोट दिलं, आणि ज्यानं ती पाडली त्याचा अंत २००१ साली जपानमध्ये, घरापासून लांब, एका संग्रहालयासाठी काम करताना झाला. कॅनव्हास चांगला की वाईट हे मी ठरवणार नाही. ज्या करणार त्यांना रंग, माप, किंमत आणि गॅलरीचा हिस्सा सगळं आधी कागदावर दाखवलं आहे, आणि विक्रीचं बिल गटाच्याच नावानं निघेल हे गॅलरीकडून लिहून घेतलं आहे.

देखभालीचा मुद्दा मात्र मार्गी लागला. पहिल्या दिवाळीला बायकांनी शाळेचं सारवण फुकट केलं, घरच्यासारखं. घरच्या भिंतीला ते शोभतं, शाळा सार्वजनिक आहे. सरपंचबाईंनी विषय ग्रामसभेत घेतला. कोरची तालुका पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, त्यामुळे आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी ग्रामपंचायतीकडे थेट येतो. ग्रामसेवकानं विचारलं, कोणत्या शीर्षाखाली टाकू? चर्चा लांबली आणि शेवटी शिक्षणाखाली ठराव झाला. दरवर्षी दिवाळीआधी चार फलकांचं नूतनीकरण, काम बचत गटाला, दर चौरस फुटानं.

कंपनीचं नवं पत्र आलं आहे. शेजारच्या तालुक्यातली आणखी एक शाळा, आणि सोबत पहिल्या शाळेचे फोटो: ‘हेच डिझाइन’. मी उत्तरात तीन अटी लिहिल्या. आधी त्या गावच्या घरांच्या भिंती पाहीन. तिथल्या बायकांना त्याच दरानं वेगळं बिल. आणि काम मोह सुरू व्हायच्या आत, नाहीतर पुढच्या दिवाळीनंतर.